दौलतरावांचं बोट

खेकड्याचा रस्सा भुरकताना तुम्ही कधी विचारलंय का, की हा खेकडा बिळातून कोणाच्या बोटाला लटकून बाहेर आला? नसेल विचारलं. ताटात नांगी मोठी पडली की लहान, एवढंच आपण बघतो. आज जरा दौलतरावांचं ऐका. रस्सा पळून जात नाही.

दौलतराव मूळचे नागपूरकडचे. नोकरीची सगळी वर्षं भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात गेली, मालगाडीच्या वॅगनखाली वाकून ब्रेक तपासण्यात. रिटायर झाल्यावर गावी गेले नाहीत. यार्डामागच्या वस्तीत खोल्या बांधल्या आणि बायको हिराबाईसोबत राहिले. गावी का नाही गेले, तर गावच्या नाल्यात असे खेकडे नव्हते. हे ते स्वतः सांगायचे, आणि त्यांना त्यात काही गंमत वाटायची नाही.

धान कापून झालं, थंडी पडली, की नाल्याकाठच्या शेतांच्या धुऱ्यांत, म्हणजे बांधांत, खेकडे बिळं करून बसतात. मांसानं गच्च भरलेले. बाकीचे लोक बिळात काडी घालतात. खेकडा काडी धरतो आणि अर्ध्यात सोडून देतो. दौलतराव बोट घालायचे. मांस सापडलं की खेकडा सोडत नाही. मग हात सावकाश मागे ओढायचा, खेकडा बोटासकट बाहेर येतो. खांद्यावरचा ओला गमछा त्याच्यावर टाकायचा. अंधार झाला की त्याची पकड सैल होते. मग बादलीत.

आधी खेकड्यानं धरलं की ते त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. धुऱ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एका हिवाळ्यात शिव्या बंद झाल्या. नांगी बोटात रुतलेली आणि दौलतराव शांतपणे बिडी ओढताहेत. लोक म्हणाले, यार्डाचा हात आहे, लोखंडानं पक्का केला. दौलतरावही तेच म्हणायला लागले. वस्तीत त्यांचं नाव झालं.

पक्का कसला. शुगर होती. पायातली चप्पल रस्त्यात निसटून राहायची आणि ते अनवाणी घरी यायचे. हिराबाईनं पाहिलं होतं. "चुलीवरच्या भाताच्या गंजाले हात लागला, चामडी सोलली, यायले समजलंच नाही," असं ती शेजारणीला सांगायची. शेजारीण म्हणायची, नशीबवान आहे तुझा नवरा.

मुलगा सुजय भिलाईच्या स्टील प्लांटात ऑफिसर. तिथेच वैशाली नगरात घर. वर्षभर त्याला चरोद्याचा रस्ता सापडत नसे, हिवाळ्यात बरोबर सापडायचा. त्या वर्षी त्याला नवे साहेब आले, समुद्राकाठचे, काकीनाड्याकडचे. साहेब जेवणाच्या सुट्टीत रोज तेच सांगायचे. आमच्याकडे थंडीत जाळ्यातून निघालेला खेकडा तासाभरात कढईत असतो, तुमच्या भिलाईत बर्फातला मेलेला मिळतो, त्याला वास येतो. सुजयला राहवलं नाही. "साहब, मेरे पिताजी जिंदा पकड़ते हैं. उंगली से." रविवार ठरला.

त्या आठवड्यात दौलतरावांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट नांगीनं फाटलं होतं. चिंधी गुंडाळून ते रोज चिखलात हात घालत होते. बोट काळं पडलं. बादली न्यायला सुजय आला तेव्हा हिराबाईनं त्याला दारातच धरलं.

"बाबाले दवाखान्यात ने. पाह्य कसं झालं बोट."

"आई, संडे होऊ दे ना. मंडे को पक्का नेतो. साहेबाला सांगून ठेवलंय, बाबाच दाखवतील म्हणून."

"अन् तोवर सडलं तं?"

आतून दौलतराव म्हणाले, "काहून घाबरून राहिली? मले काही दुखून राहिलं नाही. दुखलं असतं तं मीच गेलो असतो."

रविवारी वैशाली नगरातल्या गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये बादली, आत खेकडे एकमेकांवर चढत होते. दौलतरावांना नवा शर्ट घातला होता. गमछा सुजयनं खालीच काढून ठेवायला लावला, त्याला नाल्याचा वास येतो म्हणून.

"बाबा, दिखाओ ना साहब को."

दौलतरावांनी आधी डावा हात पुढे केला. मग मागे घेतला. डाव्या बोटात अजून जीव होता, दुखलं असतं, आणि साहेबासमोर ओरडायचं नव्हतं. म्हणजे उजव्यात जीव नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी उजव्या बोटाची चिंधी सोडली आणि ते काळं बोट बादलीत घातलं.

एका थोराड खेकड्यानं ते धरलं. हात वर आला, मोबाइल वर आले. साहेबांनी विचारलं, "दर्द नहीं होता?"

"नाही साहेब. यार्डाचा हात."

टाळ्या पडल्या. आता सोडवायचं, तर गमछा खाली. सुजयनं खेकड्याची पाठ धरली आणि पिळून तोडला. खेकडा सुजयच्या हातात राहिला, नांगी बापाच्या बोटावर. तुटलेली नांगीही दाबून धरून होती. हिराबाईनं स्वयंपाकघरातून सांडशी आणली आणि जोर लावला. नांगी निघाली, तिच्यासोबत चामडी निघाली. पिवळं पाणी नव्या शर्टावर सांडलं.

सून गीतांजली हळूच म्हणाली, "आई, बाथरूममध्ये करा ना. लोकांना अजून जेवायचं आहे."

रस्सा झकास झाला होता. हिराबाईनंच खेकड्यांचे पाय वाटून, गाळून केला होता. साहेबांच्या ताटात तोच खेकडा आला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "इसका एक हाथ किसने खा लिया?" सगळे हसले. दौलतराव बाथरूमच्या दारात हाताला टॉवेल गुंडाळून उभे होते. तेही हसले.

सोमवारी सुजयची मीटिंग होती. मंगळवारीही. हिराबाईनं वाट पाहणं सोडलं आणि नवऱ्याला लोकलमध्ये बसवून दुर्गच्या दवाखान्यात नेलं. डब्यात वास सुटला, बाजूची माणसं उठून दुसरीकडे गेली. डॉक्टरनं बोटाचं नाव काढलंच नाही. विष वर चढलं होतं. हात मनगटातून गेला.

सुजय भेटायला आला तेव्हा चिडला होता. "एवढं होतं तर बोलायचं ना, बाबा. दुखतं म्हणायचं होतं."

दौलतरावांनी पट्टीचा हात चादरीखाली घेतला. दुखत नव्हतंच, तर म्हणायचं काय.

या हिवाळ्यात ते धुऱ्यावर जाऊन बसतात. खेकडा बिळाच्या तोंडाशी येतो, त्यांना बघतो, परत जातो. त्या रविवारचा व्हिडिओ अजून फिरतो आहे, खाली लोक हसणारी तोंडं टाकतात. परवा सुजयचा फोन आला. "आई, नाल्यावर आता दुसरं कोणी पकडते का? साहेब विचारून राहिले."

"तूच ये ना," हिराबाई म्हणाली. "तुले बोटं आहेत." आणि फोन ठेवला.

आता तुमचं. तुमच्या घरीही असेल कोणी, ज्याला गरम लागत नाही, काटा टोचत नाही, आणि तुम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगता. आज त्याचे हात हातात घ्या. एकेक बोट दाबून विचारा, दुखतं का. दुखत नाही म्हणाला तर टाळी वाजवू नका. उचला आणि दवाखान्यात न्या, आणि सोमवार सांगू नका.