तिसरा पंच जेवला

धुळ्याच्या देवपुरातले देवचंदभाऊ पुलांचे इंजिनिअर. अख्खी नोकरी झाली, पण ठेकेदाराच्या कपाला त्यांनी कधी ओठ लावला नाही. हाताखालचे लोक मागून त्यांना ‘कोरडे साहेब’ म्हणत. भाऊंच्या ते कानावर यायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आवडायचंही.

निवृत्तीनंतर चोपड्याच्या वरच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या नदीवरल्या पुलाचं प्रकरण त्यांच्याकडे आलं. पाया खोदताना खडक नकाशात दाखवला होता त्याच्या बराच खाली निघाला. वाढलेल्या खोलीच्या खर्चाचा भार कोणी सोसायचा यावरून सरकारी खातं आणि ठेकेदार हमरीतुमरीवर आले. असा वाद कोर्टात न नेता, काम चालू ठेवून जागेवरच मिटवायची सोय करारात होती: तिघा जाणकार पंचांचं मंडळ. एक खात्याने नेमलेला, एक ठेकेदाराने, आणि तिसरा दोघांना मान्य असलेला. तो तिसरा म्हणजे भाऊ.

पहिल्या पाहणीला नदीपलीकडच्या पाड्यावरची गुंताबाई चहा घेऊन काठावर आली. पावसाळ्यात या पाड्याची बाळंतीण खाटेवर घालून पाण्यातून न्यावी लागते. तिची सून तशीच, पाणी उतरायची वाट पाहत दगावली होती.

“भाऊ, आम्हना पूल कव्हय व्हई?”

“काम थांबू देणार नाही, बाई.”

“मंग चहा तरी ल्या.”

भाऊंनी हात जोडले. “निकाल लागेपर्यंत कोणाचं पाणीही घेत नाही मी.”

“आम्ही ना सरकार शेतस, ना ठेकेदार,” गुंताबाई हसली आणि तो बिनदुधाचा चहा तिने स्वतःच पिऊन टाकला.

भाऊंचं मत लवकरच पक्कं झालं. खात्याने खडक नीट तपासला नव्हता, ठेकेदाराने ते ओळखूनही कळवलं नव्हतं. भार दोघांनी वाटून घ्यावा आणि काम पुढे न्यावं. मंडळातले इतर दोघेही राजी होते. फक्त सह्या राहिल्या होत्या.

त्याआधी खडकाचे नमुने पाहायला तिघे रावेरला, ठेकेदाराने ते ठेवले होते त्या त्याच्या केळीच्या मळ्यात गेले. हिवाळ्याचे दिवस. काट्याकाड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचली जात होती, केळीच्या पानांवर पुऱ्या पडत होत्या. इतर दोघे मुकाट गाडीकडे वळले. भाऊही वळलेच होते. तेवढ्यात ठेकेदाराचे वडील, तोताराम आबा, म्हणाले, “साहेब, मांडल्या पानाले पाठ देऊ नका. बसा माह्या मांडीले मांडी लावून.”

गावच्या पंगतीत भाऊंचा बाप घरचं ताट घेऊन उकिरड्याच्या कडेला बसायचा. वाढणारा वरून टाकायचा. आणि इथे गावचा मोठा शेतकरी मांडी सरकवून जागा करत होता. भाऊ बसले. भरीत झणझणीत होतं.

ठेकेदाराच्या पुतण्याने फोटो काढला आणि ‘साहेब आमच्या पंगतीला’ म्हणून गावभर फिरवला. चार दिशांनी फिरून तो खात्यात पोचला. खात्याचं पत्र आलं: तिसऱ्या सदस्याने खुलासा करावा.

“लिहून द्या ना, जेवलो म्हणून,” भाऊंच्या पत्नी लिलाबाई म्हणाल्या. “चूक झाली म्हणा, अन् सही करून मोकळे व्हा.”

“माझ्याकडे खुलासा मागतात? माझ्याकडे?” भाऊंचा पारा चढला. त्यांनी राजीनामा लिहिला, आणि त्याच तिरमिरीत पोस्टात टाकून आले. वाटलं होतं, लोक मनधरणीला येतील. कोणी आलं नाही.

पुढे नवा तिसरा माणूस दोन्हीकडच्यांना पटेना. मंडळ मोडलं. वाद कोर्टात गेला आणि तिथेच मुरला. नदीत खांब उभे आहेत, वर गंजलेल्या सळया.

मागच्या पावसाळ्यानंतर भाऊ एकटेच एसटीने तिकडे गेले आणि पाण्यातून पाड्यावर पोचले. गुंताबाईने ओळखलं. रागावली नाही, तेच जड गेलं.

“तुम्ही जेवनात भाऊ, आम्ही नदीना ह्याच कडे ऱ्हायनूत,” एवढंच बोलली. मग आत जाऊन तसाच बिनदुधाचा चहा घेऊन आली. “आते ल्या. आते तुम्ही पंच नही.”

भाऊंनी कप घेतला. समोर पलीकडे जाणारी माणसं लुगडी, पायजमे गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरत होती. कप हातातच निवत गेला.