आधी भट्टी, मग बोलणं

लोखंड आपल्याशी कधी खोटं बोलत नाही, असं बशीर म्हणायचा. आता म्हणत नाही.

अंजनगाव सुर्जीत बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं लोहारकामाचं दुकान. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, म्हणजे पाती. तो सांडशी धरतो आणि बायको फरजाना घण मारते. लग्न झाल्यापासून असंच चाललंय, आणि तिचा घण कधी वाकडा पडला नाही, हे तो तिच्यासमोर सोडून सगळ्यांना सांगतो. दुकानाला त्याच्या बापानं घालून दिलेला एक रिवाज होता. कुठलंही लोखंड दारात आलं की आधी भट्टी, मग बोलणं. गंज, माती, जुना रंग, सगळं आगीत झडतं आणि लाल झालेल्या लोखंडाला आपली भेग लपवता येत नाही. गिऱ्हाईक अजून आपलं रडगाणं सांगत असायचं, तोवर फरजानानं वस्तू निखाऱ्यात खुपसलेलीही असायची.

माणूस कामाचा, पण त्याला एक खूळ होतं. अकोल्याचा जावई उजैर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्यानं सासऱ्याला प्लॅस्टिकच्या पाइपाच्या टोकाला तांब्याच्या तारेचं वेटोळं लावून एक यंत्र करून दिलं. जमिनीत लोखंड असलं की ते टुंय टुंय वाजायचं. झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. दर शुक्रवारी नमाज झाली की बशीर यंत्र खांद्यावर टाकून रानोमाळ फिरायला लागला. नाल, खिळे, तुटकी कडी, एकदा एक गंजका भाला. घरी आणायचा, घासायचा, ओळखायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा. गल्लीतली पोरं त्याला टुंयटुंय चाचा म्हणायची, त्याचंही त्याला काही वाटत नसे.

फरजानाला मात्र हे मुळीच आवडायचं नाही. "जमीन में गया वो जमीन का," ती म्हणायची. "जे गाडलं ते कोणी तरी गाडलंच असेल ना? तुमी काहून उकरून राहिले?"

"तुले नाई समजत," एवढंच त्याचं उत्तर.

त्याचा दोस्त देवराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. डोंगराच्या पायथ्याच्या गावात तो बायको इंदूबाईबरोबर राहतो, तिथंच त्याचं शेत आहे. जुन्या काळी त्या वाटेनं फौजा गेल्या, असं तिकडची म्हातारी माणसं सांगतात. एका शुक्रवारी त्या शेताच्या बांधाला यंत्र असं वाजलं की देवरावनं कानावर हात ठेवले. दोघांनी मिळून खणलं, तर शेजारी शेजारी दोन गोळे निघाले, नारळाएवढे, गंजाच्या जाड खपलीनं माखलेले. बशीरनं देवरावला मिठीच मारली. यंत्र बांधाच्या कडेनं पुढंही वाजत होतं, पण ऊन उतरलं होतं आणि दोघांना भूक लागली होती.

"राहू दे," बशीर म्हणाला. "बाकीचं पुढच्या खेपेले. तोफेचे गोळे हायेत दादा. एक तुले, एक मले."

"शोकेसमंदी ठेवतो. पण हा असा मातीचा गोळा कोण पाह्यते?"

"आगीत टाकजो. लाल झाला की पाण्यात बुडवजो. गंज खपल्या-खपल्यानं झडते, बावा. नवा दिसते."

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, जसं कुणी भाकरी उलटायला सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरनं आपला गोळा ऐरणीवर घेतला. तोही थेट भट्टीतच गेला असता, पण वीज गेली होती. भट्टीचा पंखा विजेवर चालतो आणि हाताचा भाता केव्हाच माळ्यावर पडलाय. फरजाना शेजारच्या नगमाच्या आजारी सासूला बघायला गेली होती. रिकामं बसवेना म्हणून बशीरनं रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेतला आणि घासायला बसला.

पहिली शंका त्याच्या हाताला आली. एवढ्या गोळ्याचं वजन हाताला ठाऊक असतं, आणि हा गोळा त्याहून हलका होता. मग ब्रशाखाली एक वाटोळी कड दिसली. खिळ्यानं माती उकरली, तर आत एक भोक, आणि भोकात लाकडाची कुजकी खुंटी ठोकलेली. भरीव गोळ्याला खुंटी कशाला? बशीरनं ती खिळ्यानं टोकरून काढली आणि गोळा तिरपा केला. आधी ओली ढेकळं पडली, मग कोरडी, बाजरीच्या दाण्यासारखी काळी कणी ऐरणीवर सांडली.

त्यानं चिमूटभर कणी बाजूला, दारापाशी फरशीवर नेली आणि तिला काडी लावली. फस्सकन ज्वाळा उठली. धूर नाकात गेला, दिवाळीच्या सकाळी येतो तसा.

गोळा पोकळ होता आणि त्याच्या पोटात बारूद भरलेली होती. वीज गेली नसती, तर हा गोळा एव्हाना निखाऱ्यात असता, आणि तो व फरजाना त्याच्यावर वाकलेले असते. हा विचार पुरता होतो न होतो, तोच दुसरा आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. जोडीचा गोळा देवरावच्या घरी होता, आणि तो आगीत टाकायला बशीरनंच सांगितलं होतं.

त्यानं देवरावला फोन लावला. पायथ्याच्या त्या गावात फोन लागला तर नवल. पुन्हा लावला, फोनमधली बाई संपर्क होत नाही एवढंच सांगत होती. त्यानं हातातला गोळा लोखंड विझवायच्या पाण्याच्या कुंडीत सोडला, शर्टाची बटणंही न लावता मोटारसायकल काढली.

जाताना फरजानाला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. नगमाचं घर चार दारं पलीकडे. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं, आणि मग जन्मभर ऐकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आल्यावर बघू, असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली. त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक ती.

रस्ताभर तो कान देऊन होता. कुठं ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटला तरी तो ब्रेक दाबायचा. अर्ध्या वाटेवर समोरून प्रवाशांनी खच्चून भरलेली एक काळीपिवळी आली. तिला जागा द्यायला बशीरला गाडी कडेच्या मुरमात उतरवावी लागली. आतून कुणीतरी हात केला. बशीरनं बघितलंही नाही, ड्रायव्हरला एक सणसणीत शिवी घातली आणि पुढं निघाला.

देवराव ओसरीवर पेपर वाचत होता. धडधाकट. त्याला पाहून बशीर खांबाला धरून खालीच बसला.

"काय झालं बशीरभाऊ? पाणी देऊ का?"

"गोळा कुठं हाये?"

देवराव हसला. "अरे, तू म्हणतं आगीत टाक. आमच्या घरी चूल कुठं राह्यली आता? गॅसवर ठेवू का? मंग इंदू म्हणे, मी बाजाराले चाल्लीच हावो, फरजानाच्या भट्टीत टाकून आणतो. घेऊन गेली. तुले रस्त्यात काळीपिवळी नाई भेटली?"

बशीर वर बघत होता. ओसरीच्या छताला टांगलेला पंखा इतका वेळ निश्चल होता. आता तो हळूहळू फिरायला लागला होता.

"लाइन आली वाटते," देवराव म्हणाला.

आधी भट्टी, मग बोलणं. तिकडं भट्टीचा पंखाही सुरू झाला असेल, इंदूबाई चहाला बसली असेल आणि फरजानानं विचारलंही नसेल. फोनला ओसरीवर रेंज नव्हती. बशीर पळत घरामागच्या टेकाडावर गेला. काय झालंय ते धड न समजता देवराव त्याच्यामागं पळाला, आणि वर पोचेपर्यंत बशीरच्या तुटक शब्दांतून त्याला सगळं समजलं. त्यानं बशीरचा दंड धरला. "इंदू," एवढंच म्हणाला.

फोन लागला. वाजत राहिला. फरजानानं उचलला, तेव्हा मागं पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.

"हां, बोलो. कुठं उलथले होते? इंदूबाई आली हाये, तुमचा दुसरा गोळा घेऊन..."

"भट्टीत टाकला?"

"टाकला ना. लाल होऊन राह्यला."

"भायेर निंघ! दोघीबी निंघा!"

"काहून? माया चहा उतू जाते..."

तिला भीती घालून उपयोग नव्हता. ती भिणाऱ्यातली नव्हती, आणि समजावायला वेळ नव्हता. बशीरच्या तोंडून जे निघालं ते त्यानं उभ्या जन्मात तिला म्हटलं नव्हतं.

"मी चुकलो फरजाना. तुयंच खरं होतं. मायं एवढं ऐक, भायेर पय!"

हा माणूस चुकलो म्हणतो, म्हणजे ह्याला काहीतरी भलतंच झालं असणार, असं तिला वाटलं. तिनं नंतर तसंच सांगितलं. तिनं इंदूबाईचा हात धरून तिला उठवलं, दाराबाहेर ढकललं, आणि स्वतः उंबऱ्यावर एक पाय असताना तिला आठवलं की पंखा चालूच आहे. बटण दाराशीच. ती वळली.

बशीरला फोनमध्ये फक्त एक कडाका ऐकू आला आणि मग काहीच नाही. सौ सुनार की, एक लुहार की, ही म्हण त्यानं आयुष्यभर मिशीवर ताव देत ऐकवली होती. परत येताना मागं बसलेला देवराव मोठ्यानं रडत होता आणि बशीरला रडूही येत नव्हतं.

दोघी जिवंत होत्या. इंदूबाईचे गुडघे फुटले होते. दुकानाचे टिनपत्रे गल्लीत पसरले होते आणि भट्टीच्या जागी खड्डा होता. भिजलेला पहिला गोळा फुटक्या कुंडीच्या चिखलात तसाच पडला होता, तो नंतर पोलिसांच्या पथकानं वाळूच्या पेटीत घालून नेला. फरजाना समोरच्या ओट्यावर बसली होती. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेपर्यंत आली होती, आणि बशीर काय बोलतोय ते तिला समजत नव्हतं. तो पुन्हा तेच म्हणत होता, मी चुकलो.

आता भट्टी नवी आहे. दारात लोखंड आलं की फरजाना आधी उजवा, चांगला कान पुढं करून विचारते, कुठून आणलं, कुणी दिलं, आणि मग पाण्यात टाकते. यंत्र मोडून बशीरनं तारेचं वेटोळं उजैरला परत पाठवलं. देवरावनं बांधालगतचा पट्टा पडीक ठेवलाय. पण बांधाच्या पलीकडे जयवंताबाईची जमीन लागते, आणि तिनं नांगरटीला ट्रॅक्टर सांगितलाय. बशीर दोनदा जाऊन सांगून आला. तिनं चहा पाजला आणि म्हणाली, आमी पिढ्यानपिढ्या नांगरून राह्यलो, आमाले काई झालं नाई. यंत्र त्या दिवशी बांधापलीकडे कुठपर्यंत वाजत गेलं होतं, हे त्याला आणि देवरावलाच ठाऊक आहे.

काम करता करता उत्तरेकडून, डोंगराच्या बाजूनं काही धडाडल्यासारखं वाटलं की त्याचा हात थांबतो. तापलेलं लोखंड सांडशीत काळं पडत जातं. फरजाना घण उचलून वाट बघते.

"क्या हुआ?" ती विचारते. तिला काहीच ऐकू आलेलं नसतं.