न धुतलेला रुमाल

कानाझावाच्या आसानो नदीकाठी मित्सुए रेशमावर फुले रंगवीत असे. सोळाव्या वर्षी ती कार्यशाळेत आली, तेव्हा गुरूंनी पहिला नियम सांगितला होता: कुंचल्याच्या हाताला काही घट्ट बांधायचे नाही. घड्याळ नाही, साधा दोरासुद्धा नाही. वीस वर्षे तिने तो पाळला.

दोन वर्षांपासून जिना चढताना तिला धाप लागे. गल्लीतल्या डॉक्टरांनी रोज सकाळी घरीच रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितले. यंत्राचा पट्टा अर्थातच डाव्या दंडाला. आकडा कायम शंभराच्या आसपास. वही चाळून डॉक्टर म्हणाले, "दाब तर कोवळ्या मुलीसारखा आहे. जरा विश्रांती घ्या."

पुढे डावा हात लवकर भरून येऊ लागला, म्हणून ती कुरोइवांकडे गेली. ते अंध होते आणि सुयांचे उपचार करीत. सुई लावण्याआधी दोन्ही मनगटे एकदम धरून नाडी पाहण्याची त्यांची पद्धत. त्या दिवशी त्यांची बोटे डाव्या मनगटावर पुन्हा पुन्हा जागा बदलत राहिली.

"मित्सुए-सान, डावा हात घरी विसरून आलात का?"

तिला हसू आले. "तुमच्याच हातात आहे की."

"हात आहे. नाडी नाही. आणि उजवीकडची उसळी मारून येते अन् धपकन पडते. आज सुई नाही."

"एवढी चालत आले मी. निदान हातापुरती तरी—"

"हात कुठे पळून जात नाही. मोठ्या इस्पितळात जा. आणि दोन्ही हात दाखवा. दोन्ही."

इस्पितळात उजव्या दंडावर आकडा आला एकशे ऐंशी. मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार होता तो. डाव्या हाताची वाहिनी जवळजवळ बुजली होती, म्हणून तिथला आकडा फसवा होता. हृदयातून निघणारी महावाहिनी फुगल्यामुळे झडप मिटत नव्हती आणि रक्त मागे परतत होते.

"दर वेळी डावाच हात का?" तरुण डॉक्टरांनी विचारले.

तिने गुरूंचा नियम सांगितला.

"नियम चांगला आहे. पण आणखी वर्षभर पाळला असता, तर हृदय थकून बसलं असतं."

सूज उतरायला आठ महिने औषधे झाली. मग झडप बदलली. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी तिने उजव्या दंडाला पट्टा बांधला, आकडा लिहिला आणि कुंचला उचलला. रेघ हलली नाही.

पहिले काम तिने कुरोइवांसाठी केले. फुलांच्या कडा तांदळाच्या खळीच्या बारीक रेघेने आखायच्या, रंग भरायचा आणि शेवटी खळ पाण्यात धुऊन टाकायची, ही कार्यशाळेची रीत. न धुतलेले कापड अपुरे. ते कार्यशाळेबाहेर जात नाही. तिने रुमाल न धुताच घडी करून नेला.

कुरोइवांनी त्यावरून बोट फिरवले. खळीची वाळलेली रेघ बोटाला उंच लागत होती.

"पाच पाकळ्या. प्लमचं फूल," ते म्हणाले. मग बोट थबकले. "अहो, हा धुवायचा राहिला."

"धुतला असता, तर तुम्हाला दिसला नसता."

रुमाल त्यांनी मांडीवर जपून ठेवला.

"हात द्या," ते म्हणाले. तिने दोन्ही मनगटे पुढे केली.

"डावा अजून अबोलाच धरून आहे. उजवा मात्र शहाण्यासारखा चालतोय."

"तेवढं पुरे आहे मला," मित्सुए म्हणाली. तिने हात लगेच मागे घेतले नाहीत.