पेवातली काडतुसं

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास आमच्याकडं पाऊस नव्हता. माझं माहेर मुदखेडजवळचं, सासर अहमदपूरच्या बाजूचं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती, तरी सासऱ्यांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. मी त्यांना मामा म्हणायची, तेही मनातल्या मनात. सासूला आत्याबाई.

घरातली ज्वारी संपत आली तेव्हा मामांनी गोठ्यामागचं जमिनीतलं जुनं धान्याचं पेव उघडायचं ठरवलं. ते त्यांच्या वडिलांनी भरलं होतं, नंतर कुणी उघडलं नव्हतं. तोंडावरची फरशी सरकवली आणि आधी दोरीनं कंदील आत सोडला. कंदील विझला तर आत वाईट हवा असते, मग माणूस उतरत नाही. पहिल्या दिवशी विझला. दुसऱ्या दिवशी जळत राहिला, तेव्हा हे, म्हणजे माझे मालक, खाली उतरले.

ज्वारीची काळी ढेकळं झाली होती. त्यांच्याखाली एक पत्र्याचा डबा सापडला. निजामाच्या राज्यात, धामधुमीच्या वेळी कुणीतरी दडवलेली बंदुकीची काडतुसं. सगळी पितळी, आणि सगळ्यांवर हिरवा थर. काहींचा थर बोटानं पुसला जायचा. काहींना थराखाली बारीक खड्डे पडले होते. एक-दोन बुडाशी फुगली होती.

मामांच्या नावावर परवान्याची एकनळी बंदूक होती. विहिरीला जे थोडं पाणी होतं त्यावर आम्ही ज्वारीचा एक तुकडा धरणार होतो. दुष्काळात रोही, म्हणजे नीलगायी, पाण्याच्या पिकावर येतात, एका पहाटेत सगळं संपवतात. हवेत बार काढला की पळतात. पण दुकानदार नवी काडतुसं देईना. परवान्याचे कागद जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादेत होते, ते लातूरला येऊन त्यावर नवा शिक्का पडायला हवा होता.

"जिल्हा जवळ आला अन् काडतूस लांब गेलं," मामा म्हणाले.

शेजारी एक फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना फौजी म्हणत. मामांनी त्यांना डबा दाखवला. ते बराच वेळ एकेक काडतूस फिरवून बघत बसले.

"फुगलेलं अन् खड्ड्याचं तर हातात पण धरू नका. खरं म्हणजे सगळेच ठाण्यात द्या, दादा. वरून बरं दिसतंय त्याच्या आत काय हाय, कुणाला ठावं?"

"ठाण्यात दिलं तर म्हणतील, इतके दिवस कुठं लपवले होते?"

"पेवात कंदील सोडता की न्हाई उतरायच्या आधी? ह्याच्यात काय सोडणार?"

मामा हसले, पण त्यांनी फौजींकडून दोन ढीग करून घेतले. बरी दिसणारी सुपात, खराब पोत्यावर.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड-पितळ घासून देवापुढं मांडतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, बंदूक. आत्याबाईंनी सूप आणि पोतं दोन्ही एकाच घमेल्यात रिकामी केली आणि चिंच-राख घेऊन बसल्या. मी पाणी ओतत होते. दुपारपर्यंत सगळी काडतुसं सारखीच लखलखीत झाली.

दसऱ्याला फौजी सोनं द्यायला आले आणि देवघरासमोर थबकले.

"वहिनी, हे काय करून ठेवलं?"

"काय केलं? घासले. देवापुढं हिरवट ठिवू का?"

"अवो, त्या हिरव्यावरूनच तर कळत होतं. आता खराब कोणतं?"

"खराब एक बी न्हाई. तोंड बघून घ्या त्यात. मिशी पण नीट करा."

सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. फौजींनी फुगलेली आणि खोल खड्ड्यांची तेवढी वेचून वेगळी केली. बाकीची ओळखू येईनात. मग मामा एकेक कानाशी नेऊन हलवायला लागले, नारळ घेताना हलवतात तसं. आत वाजलं तर चांगलं, नाही वाजलं तर ओलं. असं कुणी त्यांना सांगितलं होतं, ठाऊक नाही. फौजी म्हणाले, "असं नसतंय, दादा." आणि पानसुपारी न घेताच गेले.

ज्वारी गुडघ्याला आल्यावर हे पहाटे बंदूक घेऊन शेतात जायला लागले. पहिला बार नीट वाजला. रोही पळाले. दुसऱ्या खेपेलाही वाजला. मामा खूश होते. मी घागर घेऊन विहिरीवर जायची आणि बार ऐकू आला की दोर सोडायची. त्याआधी हात चालत नसे. हे कुणाला सांगितलं नाही.

एका उजाडत्या वेळी बार नाही झाला. भांड्याचं झाकण उडावं तसा फुस्स आवाज आला. "ओलं निघालं!" हे लांबून ओरडले. मी दोर सोडला. घागर पाण्याला टेकली असेल, तेवढ्यात दुसरा आवाज झाला. तो बाराचा नव्हता.

पहिल्या काडतुसाचे छर्रे नळीतच अडकले होते, हे नंतर फौजींनी सांगितलं. त्यामागून दुसरं फुटलं आणि नळी फाटली. यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. बैलगाडी, मग जीप, मग नांदेडचा दवाखाना. वाटेत मी यांचा हात माझ्या पदरात धरून बसले होते. पदर जड झाला होता, एवढंच आठवतं. रडल्याचं आठवत नाही.

नांदेडहून परत आलो तेव्हा तुकड्यात धाटं उभी होती, कणसं नव्हती. आत्याबाई चुलीपुढं बसून होत्या. मामा ओट्यावर. त्यांनी डब्यातलं एक काडतूस काढलं, कानाशी नेलं आणि हलवलं.

"हे चांगलं हाय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हात पुढं केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग काडतूस माझ्या तळव्यावर ठेवलं. ते गार होतं, आणि अजून चकाकत होतं. मी ते डब्यात ठेवलं आणि डबा फौजींच्या दारात नेऊन दिला. ठाण्यातले लोक येऊन तो आणि फाटलेली बंदूक घेऊन गेले.

यांच्या सदऱ्याची बटणं तेव्हापासून मी लावते. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, फाळ देवापुढं मांडते. घासत नाही. गंजावरच हळदकुंकू लावते.