मायनसचा डबा

स्वयंपाकघरात भांडी आणि किस्से, दोन्हींचं एकच. आज घासून-पुसून फळीवर लावले, की उद्या परत ढीग! बेलापूरच्या बाजारपेठेमागं आमच्या महिला गटाचं स्वयंपाकघर आहे. लग्न, बारसं, दहावा, काहीही असो, पंगत आमची. वर्षभर डबेही चालतात. गटात बायका पुष्कळ, पण या गोष्टींत तुम्हाला तिघीच लागतील. सुमनताई, जिच्या हाताला चव आहे. नसीमभाभी, जिच्या जिभेला धार आहे. आणि मी मंगल, जिला गप्प बसता येत नाही. हो, आणि सुमनताईची लेक पल्लवी. खरं तर तिचंच सांगायचंय, पण आधी जरा हसून घेऊ.

*

डब्याच्या ऑर्डरी पल्लवी घ्यायची. एकदा एका पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"ताई, मला निगेटिव्ह कॅलरीचा डबा पाहिजे. चालू करा उद्यापासून."

सुमनताईचं लाटणं थांबलं. "निगेटिव्ह? कोरोना झालाय व्हय त्यांना?"

पल्लवी हसायला लागली. ती हसली की उकळीनं पातेल्यावरचं झाकण उडावं तसं व्हायचं, शेजारच्या पिठाच्या गिरणीतसुद्धा ऐकू जायचं. हसू आवरल्यावर तिनं मोबाईलवर बघून आम्हाला समजावलं. काकडी, कोबी, मुळा, दुधी, पालक असल्या काही भाज्या असतात म्हणे, त्या जेवढी ताकद देतात त्याहून जास्त ताकद त्या पचवण्यातच जाते. म्हणजे जितकं खाल तितकं वजन उतरणार!

नसीमभाभी कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे राबणूक जास्त आणि हातात कमी? मग हे तर आपल्या गटासारखंच झालं की!"

त्या दिवसापासून त्या डब्याचं नाव पडलं मायनसचा डबा.

*

मॅनेजरसाहेबांनी मायनसचा अर्थ फारच मनावर घेतला. माणूस हिशोबातला! आठवड्याभरात त्यांचा सकाळी-सकाळी फोन.

"ताई, काल सासुरवाडीला बासुंदी होती. जरा जास्त झाली. आज काकडी डबल टाका, म्हणजे वजावट होऊन जाईल."

सुमनताईनं पल्लवीच्या हातातून फोनच घेतला. "साहेब, काकडी म्हंजी काय खोडरबर हाय का?"

साहेब खळखळून हसले आणि म्हणाले, "तरीपण डबलच टाका." आम्ही टाकली. गिऱ्हाईक होतं, काय करता!

*

खरी गंमत पुढंच. डब्यातल्या भाज्या बिनतेलाच्या, नुसत्या उकडायच्या, असं ठरलेलं. पण सुमनताईच्या हाताला ते जमायचं कसं? दुधी उकडून झाला की ती त्याच्याकडं अशी बघायची, जसं घरातलं कुणीतरी आजारी पडलंय. मग आमची पाठ वळली की चर्रर्र आवाज! लसणाची फोडणी, वर मूठभर शेंगदाण्याचा कूट.

"अगं आई, मायनसचा आहे तो," पल्लवी ओरडायची.

"असूदे. बिनफोडणीचं म्या वैऱ्यालाबी वाढीत न्हाई."

डबे गावभर गाजले. महिन्याभरानं त्याच पतसंस्थेतल्या कॅशिअर बाई तक्रार घेऊन आल्या, की मायनसच्या डब्यानं वजन वाढलंय. आम्ही तिघी एकमेकींकडं बघायला लागलो. नसीमभाभी म्हणाली, "मॅडम, तुम्ही डबा चाटूनपुसून खाता. थोडा मागं ठेवायचा असतो!"

बाई डबा बंद करतील असं वाटलं होतं. त्यांनी नवऱ्यालाही सुरू केला.

*

आता पल्लवी.

आमच्या गटाची जीभ म्हणजे पल्लवी. कुठलाही पदार्थ चुलीवरून उतरायच्या आधी तिच्या तळहातावर थेंबभर पडायचा. ती डोळे मिटून चाटायची आणि निकाल द्यायची. "मीठ लाजतंय." "चिंच भांडायला उठलीय." "गूळ झोपलाय, उठवा त्याला." आम्ही त्याप्रमाणं चिमूटभर इकडं-तिकडं करायचो, आणि पंगतीत लोक बोटं चाटायचे. पोरगी अंगानं भरलेली होती, लहानपणापासूनच. आम्हाला कधी वेगळं वाटलं नाही. चुलीपाशी वाढलेलं पोर वाळकं कसं असेल?

तिला बघायला संगमनेरकडची मंडळी आली. मुलाचं औषधाचं दुकान. पोहे पल्लवीनंच केलेले. मुलाच्या आत्याबाईंनी दोन प्लेटा खाल्ल्या, तिसरीला नको-नको म्हणत अर्धी घेतली, आणि हात पुसता-पुसता म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय हो. पण अंगानं जरा..."

स्वयंपाकघरात नसीमभाभीनं माझा हात दाबला. "पोहे रिचवताना नाही वाटली जड!"

मुलगा मात्र गप्प होता. निघताना त्यानं आपली प्लेट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवली. एवढंच. पण पल्लवी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिली, आणि आम्हाला कळलं की पोरीनं मनात हो म्हटलंय. संध्याकाळी फोन आला. पसंती आहे, साखरपुडा करू. तेवढं लग्नापर्यंत वजन उतरवा, फोटो चांगले येतील. आवाज आत्याबाईंचा.

दुसऱ्या दिवशी पल्लवी आली ती स्वतःचा रिकामा डबा घेऊनच. "आई, माझाही मायनसचा भर. आणि फोडणी घातलीस तर बघ!"

आम्हाला चेष्टाच वाटली. सुमनताईनं काकडी चिरली, कोबी उकडला आणि भरला डबा. लेकीसाठी मात्र तिनं फोडणी घातली नाही. लेकीचं लग्न होतं ना!

*

पल्लवी वाळायला लागली. गावातल्या बायका थांबवून विचारायच्या, काय खातेस गं? आमच्या मायनसच्या डब्याची त्यातून आणखी जाहिरात झाली. समोर जिलेबी आली, भजी आली, की पल्लवी म्हणायची, "लग्नानंतर खाईन." पुढं-पुढं भाकरी आली तरी तेच. एक दिवस पातेलं उतरवताना तिला अंधारी आली. नसीमभाभीनं धरली म्हणून, नाहीतर उकळती डाळ अंगावर होती.

मी आणि सुमनताई तिला श्रीरामपूरला आहाराच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. मॅडम तरुण होत्या, नीट बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मायनसमध्ये जाणारं अन्न नसतंच. काकडीत पाणी भरपूर, कॅलरी थोड्या, हे खरं. पण ती पचवायला त्याहूनही कमी ताकद लागते. शिल्लक उरतेच. काकडी चांगलीच आहे, पोट भरतं, जेवणासोबत खावी. पण जेवणाच्या जागी नाही! हिचं वजन काकडीनं नाही उतरलं, उपाशी राहून उतरलंय."

मग भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, सगळं खायला सांगितलं आणि सहज विचारलं, "हा निगेटिव्ह कॅलरीचा डबा देतं कोण?"

आम्ही दोघी पंख्याकडं बघत बसलो.

घरी येऊन नसीमभाभीला सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी श्रीरामपूरला गेलात? आमची शेळी जन्मभर पालाच खाते. मायनस असतं तर ती दावं तोडून हवेत उडाली असती!" आम्ही हसलो. पल्लवीकडं बघितलं, तर तीही हसली. पण गिरणीपर्यंत आवाज गेला नाही. परतीच्या वाटेवर सुमनताईनं तिला भेळ घेऊन दिली होती, ती पिशवीत तशीच होती. मॅडमचं पटलं नव्हतं असं नाही. "कळतंय गं मावशी," ती मला म्हणाली, "पण आता थोडंच राहिलंय. लग्न झालं की खाते."

*

त्यानंतरची एक पंगत माझ्या डोक्यातून जात नाही. एका रिटायर गुरुजींच्या एकसष्टीची. आमटी तयार झाली, पल्लवीला हाक मारली. तिनं थेंब तळहातावर घेतला, बघितला, आणि पदराला पुसला. म्हणाली, "असेल ठीक."

आमटी खारट होती. इतकी की पहिल्याच वाढीला पंगतीतून वाट्या बाजूला सरकल्या. आमच्या गटाचं आजवर कधी काही परत आलं नव्हतं, त्या दिवशी अर्धं पातेलं आलं. गुरुजी भले माणूस, "होतं एखाद्या वेळी" म्हणाले. टेम्पोत बसून येताना मी वाट बघत होते, नसीमभाभी आता काहीतरी बोलेल. ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सुमनताईनं दुसऱ्याच दिवशी मायनसचा डबा बंद केला. सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. "तसलं काय नसतंय. लोकांनी उठवलंय. साधा डबा घ्यायचा तर घ्या."

मॅनेजरसाहेब रडकुंडीला आले. "अहो पण ताई, मग माझ्या बासुंदीचं काय?"

"खाऊ नका!" म्हणून तिनं फोन ठेवला, आणि ओट्याला टेकून मुसमुसून रडली. डबे बंद करणं तिच्या हातात होतं. लेकीचं तोंड उघडणं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरातून बंद झालेला डबा पल्लवीनं स्वतः चिरून, स्वतः उकडून चालू ठेवला. फार वाईट वाटतं हो. एवढ्या मोठ्या पंगती वाढणाऱ्या आम्ही, आणि आमच्यातलंच एक पोर आमच्यासमोर उपाशी.

*

लग्न गावातल्याच मंगल कार्यालयात झालं. सगळ्यांनी सुमनताईला सांगितलं, नवरीच्या आईनं आज भट्टीपाशी जायचं नाही. ती ऐकते होय! नवी पैठणी नेसून, पदर खोचून, स्वतः जिलेबी तळायला बसली. पल्लवीला लहानपणापासून आईच्या हातची जिलेबी लागायची, रुसली तरी आणि जिंकली तरी.

पल्लवी दिसत होती मात्र अशी की ओळखू येईना. आत्याबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "बघा, कशी झाली आमची सून!" फोटोवाला खूश. नवरा-नवरीच्या पंगतीत नवऱ्या मुलाला उखाण्याचा आग्रह झाला. त्यानं लाजत-लाजत घेतला:

"ताटात पडली जिलेबी, वर पिस्त्याचा थर,
पल्लवी एवढी हसली की भरलं माझं घर."

टाळ्या पडल्या. त्यानं तिला जिलेबीचा इवलासा तुकडा भरवला, तिनं घेतला. नंतर मी वाढायला गेले तेव्हा त्यानं मला हळूच विचारलं, "मावशी, हिला बघायला आलो तेव्हा आतून हसायचा आवाज आला होता. ती हीच होती ना?"

मी म्हटलं, "हीच."

"मग आता हसत का नाही? मी तर तेवढ्यावरच हो म्हटलं होतं."

मी वाढायचं भांडं घेऊन पुढं सरकले.

तेवढ्यात सुमनताई आली. भट्टीवरून तशीच, घामानं निथळत. हातात एकच जिलेबी, गरम, पाक गळणारी. तिनं ती पल्लवीच्या ताटात ठेवली. "ही तुझ्यासाठी काढलीय. खाशील ना?"

पल्लवीनं मान वर केली. "खाते आई."

सुमनताईनं डोळ्याला पदर लावला आणि तिथं उभं राहवेना म्हणून परत भट्टीकडं गेली.

पाठवणीच्या वेळी पल्लवी सगळ्यांच्या गळ्यात पडली. नसीमभाभीच्या, माझ्या, शेवटी आईच्या. माझ्या गळ्यात पडली तेव्हा तिनं माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं, मऊ, कागदी रुमालात गुंडाळलेलं, आणि कानात म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस. मी नंतर खाईन."

गाडी पुलाकडं वळली. लोक पांगले. मी मूठ उघडली. रुमालाला पाक चिकटला होता. जिलेबी अख्खी होती, कुठं दात लागलेला नव्हता.

मागून सुमनताईची पावलं वाजली. मी वळायच्या आत जिलेबी तोंडात कोंबली आणि रुमाल पदराखाली घेतला.

"मंगे," ती समोर येऊन उभी राहिली, डोळे लाल झालेले, "म्या दिलेली जिलेबी खाल्ली ना गं तिनं?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी मान डोलावली.