भक्षकाच्या पोटातलं बिऱ्हाड

"मैडम, बोन मैरो क्लीन है न? कल सुबह तिल्ली निकाल रहा हूँ." सर्जन दारातूनच विचारत होते.

नव्वदच्या दशकात लखनौच्या एका सरकारी हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजिस्ट होते. पेशंट रामसजीवन, बलियाकडचा वीटभट्टी मजूर. वर्षभर ताप, प्लीहा, म्हणजे तिल्ली, वाढून बेंबीपर्यंत आलेली. कॅन्सरचा संशय होता. मला वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा, औषधाने बरा होणारा काळा आजार वाटत होता, पण माझा ज्युनिअर निगम याला बोन मॅरोच्या स्लाइडवर काहीच दिसलं नव्हतं. अंगात रक्त नसलेला हा माणूस ऑपरेशन टेबलावरून उठेल का, याची मला धास्ती होती.

"टेल देखी?" मी निगमला विचारलं. काचेवर थेंब ओढताना तो जिथे विरत जातो, ते टोक म्हणजे टेल. तिथे पेशी चिरडतात, म्हणून मोजणी मधल्या भागात करायची असं सगळ्यांना शिकवतात.

"मैम, वहाँ तो कचरा होता है."

"अरे, बड़ी सेल्स उधर ही तो जाती हैं!" मी चिडलेच. सर्जनना म्हटलं, "सर, ज़रा रुकिए."

टेलवर एक भलीमोठी मॅक्रोफेज सापडली. ही शरीराची भक्षक पेशी. जंतू दिसला की गिळते आणि आम्लात जिरवते. हिच्या पोटात मात्र काळ्या आजाराचे परजीवी खच्चून भरले होते, आणि मजेत होते! हा पठ्ठ्या आपणहून गिळला जातो. आत गेला की पोहायची शेपटी टाकून देतो आणि त्याच आम्लात वाढतो. पेशीने मदतीला हाक मारू नये म्हणून तिचे निरोपही अडवतो. घास गिळावा आणि घासानेच पोटात बिऱ्हाड थाटावं, तसं. मी मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला.

सर्जननी बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावला. "बदमाश है यार, मगर क्या बदमाश है!" म्हणाले आणि ऑपरेशन रद्द करायला निघाले.

काळ्या आजारावरची अँटिमनीची इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरला, प्लीहा ओसरली. घरी जाण्याआधी रामसजीवन लॅबमध्ये आला. त्याला तो जंतू बघायचा होता. मी स्लाइड लावून दिली.

"इत्ता-सा?" तो म्हणाला. "और हमको साल भर खटिया पर लिटाए रहा!" मग पुन्हा वाकून बघितलं. "है तो मेहनती."

मला हसू आवरेना. निगमला मी एवढंच सांगितलं, की असल्या मेहनती प्राण्याला शोधायचं तर स्लाइड संपेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही.