हिरवी चौकट लाल झाली तेव्हा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी प्रोग्रामर आहे. समोर भूत आलं तरी आधी त्यातला बग शोधेन! पण हे मी स्वतः, भरदिवसा पाहिलंय...

२००८चा द्राक्षांचा सीझन. मी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत होते. पिंपळगाव बसवंतच्या भाऊसाहेबांच्या कोल्ड स्टोरेजसाठी मी सॉफ्टवेअर केलं होतं. स्क्रीनवर खोलीचं तापमान आणि त्याखाली एक चौकट — तापमान ठीक असेल तर हिरवी, चढलं तर लाल. चौकटीला स्वतःची अक्कल नाही, ती वरच्या आकड्यावरून ठरते. पण आकडा बदलला की ‘चौकटही पुन्हा तपास’ असं स्क्रीनला सांगणारी एक ओळ कोडमध्ये लागते. नेमकी तीच मी विसरले होते! आठवलं कधी, तर पिंपळगावला जाताना द्वारका चौकातून बस सुटल्यावर. म्हणजे चौकट कायम हिरवीच राहणार. म्हटलं, तिथेच बसून टाकू.

भाऊसाहेबांचा माल पहिल्यांदाच परदेशी निघाला होता, कंटेनर संध्याकाळी येणार होता. "ताई, माल गरम झाला तर वर्षाची मेहनत गेली बघा. लय जीव टांगणीला लागलाय."

मी त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसते न बसते तोच — चौकट लाल! आणि वरचा आकडा? तसाच, हवा तेवढा, शून्याजवळ. चिमटा काढायच्या आधीच पोरानं भोकाड पसरावं, तसं झालं!

"भाऊसाहेब, प्रोग्रामची चूक आहे, थांबा—"

"चूक आसंल तर आसू दे! दार उघडून बघायला काय जातंय?" ते धावत सुटले, मी त्यांच्या मागे.

आत गारवा नव्हताच! कूलिंग बंद पडलेलं. सेन्सरची वायर निसटलेली, म्हणून स्क्रीनवर जुनाच आकडा दिसत होता. सगळ्यांनी मिळून पेट्या शेजारच्या थंड खोलीत हलवल्या... माल वाचला! भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी, आणि मी आनंदानं वेड्यासारखी हसत होते.

आकड्याचं कोडं सुटलं. पण चौकट? तिला त्या आकड्याखेरीज काहीच कळत नव्हतं, आणि रंग बदलायला सांगणारी ओळच नव्हती! कोड पुन्हा पुन्हा वाचला, ऑफिसात सगळ्यांना दाखवला. आजही उत्तर नाही.

कंटेनर निघाल्यावर भाऊसाहेबांना म्हटलं, "आता ती राहिलेली ओळ टाकते."

"टाका की. पण आज ज्यानं चौकटीला सांगितलं ना ताई, त्ये तेवढं काढू नका."

मी मान डोलावली. तिथे काही नव्हतंच... काढणार काय?